वेगळं ताट कशाला?

श्रोतेहो, नमस्कार. खान्देशात थंडी पडली की मळ्यामळ्यांत भरिताचे बेत ठरतात. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, भाऊबंद-शेजारी एका पंगतीत जेवतात. माझ्याकडे येणारी पारोळ्याकडची एक बाई मात्र दोन वर्षं त्या पंगतीत बसली नव्हती. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात लाल चट्टे आणि त्यांवर चंदेरी खपल्या. म्हणाली, "डॉक्टर, माले येगळं ताट देतस."

पुढच्या खेपेला तिच्या सासूबाईंना बोलावलं. त्यांच्यादेखत, हातमोजा न घालता, तिच्या कोपरावर हात ठेवला आणि म्हटलं, "आई, हा सोरायसिस आहे. गजकर्ण नाही, महारोगही नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने तो कुणालाच होत नाही."

आपली कातडी खालून नवी तयार होत वर सरकते आणि झडते. या फेऱ्याला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारशक्तीच चुकीचा इशारा देते आणि तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. कच्च्या पेशींचे थर साचतात, त्याच या खपल्या. आजाराचा कल घराण्यातून येऊ शकतो. घशाचा संसर्ग, मनावरचा ताण, दारू, विडी-सिगारेट, कोरडी थंडी यांनी तो भडकतो. वांगं सोडल्याने तो बरा होतो, याला मात्र आधार नाही.

मला खरी धास्ती वाटते ती इंजेक्शनची. "आठ दिवसांत कातडी साफ करून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. ते थांबलं की आजार उलटतो. कधी अंगभर कातडी लालभडक होते, पुवाचे फोड येतात, पेशंटला दाखल करावं लागतं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या स्टेरॉइड मलमाची गोष्ट निराळी. तेही सांगितलं तितकेच दिवस लावायचं.

हा आजार मुळासकट घालवणारं औषध आज नाही, पण तो चांगला आटोक्यात येतो. अंघोळ झाल्याबरोबर ओलसर अंगाला खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा. मलमं आहेत, दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीनदा अतिनील किरणांचा उपचार मिळतो. आजार पसरलेला असेल तर मेथोट्रेक्सेटची गोळी देतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची, हे घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या, कारण रोज घेतली तर जिवावर बेतते. गरोदरपणात ती चालत नाही, आणि चालू असेपर्यंत रक्त तपासत राहावं लागतं.

सकाळी बोटं आखडतात, टाच दुखते, सांधे सुजतात? तेही त्वचेच्या डॉक्टरांना सांगा. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, आणि वाकडं झालेलं बोट औषधाने पुन्हा सरळ होत नाही.