विमानाची उचल

(अंबाजोगाईत नर्सिंगच्या विद्यार्थिनी आणि पालकांसमोर एका निवृत्त सिस्टर ट्यूटरनं, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षिकेनं, दिलेलं व्याख्यान, संपादित.)

मुलींनो, तुमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरचं कुणी ना कुणी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेलं असेल. त्यामुळं उचल म्हणजे काय, हे बीड जिल्ह्यात मी सांगायला नको. मुकादम आधी पैसे देतो आणि माणूस त्या पैशाला बांधला जातो. परदेशच्या नोकरीत पैसे तुम्हीच एजंटला देता. बांधलं जाणं तेच.

माझी एक विद्यार्थिनी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, होऊन आखातात गेली. वडिलांनी दोन एकर गहाण टाकून सहा लाख भरले, पावती नाही. तिथं पगार ठरल्यापेक्षा कमी निघाला. परतावं तर डोक्यावर कर्ज. फोनवर म्हणाली, "मॅडम, आबांना सांगू नका." नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. हा आकडा मी तिला वर्गात सांगितला नव्हता, हे मला अजून बोचतं.

तरी जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. शिकवण्याच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, हा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष मी फळ्यावर लिहायचे. आणि त्याआधी वॉर्डात असताना रात्रपाळीला चाळीस खाटांना आम्ही दोघी असायचो. अकरा-अकरा महिन्यांच्या कंत्राटी ऑर्डरवर वय निघून जाणाऱ्या पोरीला गावाची सेवा कर, असं कोणत्या तोंडानं सांगू?

सरकारी कॉलेजच्या एमबीबीएस डॉक्टरांना एक वर्ष सरकारी सेवेचा बॉण्ड, नाहीतर दहा लाख, अशी पद्धत वर्षानुवर्षं चालली. ज्याला परवडलं तो पैसे भरून मोकळा झाला. माणूस थांबतो तो कायम ऑर्डर, क्वार्टरला पाणी आणि लेकरांना बरी शाळा असेल तर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० मध्ये एक आचारसंहिता केली. टंचाई असलेल्या गरीब देशांतून माणसं ओढू नका, आलेल्यांना आपल्या लोकांइतकेच हक्क द्या, असं ती सांगते. पण ती ऐच्छिक आहे. २०२३ मध्ये संघटनेनं आरोग्य कर्मचाऱ्यांची फार टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी काढली. त्यात भारत नाही. देशाचा हिशेब एकत्र होतो, त्यात केरळही येतं आणि आपलं हिंगोलीही. हिंगोलीच्या आरोग्य केंद्रातली रिकामी खुर्ची त्या बेरजेत दिसतच नाही. म्हणून हा हिशेब राज्यानं जिल्ह्यागणिक ठेवायला हवा.

केरळनं २०२१ मध्ये जर्मनीच्या सरकारी रोजगार यंत्रणेशी करार केला. त्यात भाषेच्या शिक्षणाचा खर्च नर्सवर पडत नाही. महाराष्ट्रानंही २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. माझी मागणी एवढीच, की आपल्या पोरी तयार करायला इथं पैसा लागतो, त्यातला वाटा घेणाऱ्या देशानं उचलावा आणि तो मराठवाड्याच्या नर्सिंग शाळांत, सिस्टर ट्यूटरच्या रिकाम्या जागांवर यावा.

आता पालकांसाठी. परदेशी नोकरीसाठीच्या ई-मायग्रेट या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर एजंटचा नोंदणी क्रमांक पाहा. करारपत्र हातात आल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावू नका. वाचता येत नसेल तर कागद माझ्याकडं आणा; उद्या दहा वाजेपर्यंत मी इथंच, वसतिगृहात आहे.