पाच मिनिटांचे उड्डाण आणि दिवसभराची बैठक

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओ नियंत्रित हेलिकॉप्टरांची हौस असलेली मंडळी सुट्टीच्या दोन दिवसांसाठी एखाद्या मोकळ्या मैदानावर जमतात, तेव्हा दुरून पाहणाऱ्याला तो केवळ कसरतींचा खेळ वाटतो. कोणाचे हेलिकॉप्टर पोट आभाळाकडे करून गवतापासून हातभर उंचीवर थांबलेले असते, तर कोणाचे शेपटी खाली करून स्वतःभोवती गरगरत असते. मात्र तासभर तेथे थांबले की लक्षात येते, की उड्डाण हा त्या दिवसाचा सर्वांत छोटा भाग आहे. विजेवर चालणारे सुमारे पाच किलो वजनाचे मोठे मॉडेल एका बॅटरीवर जेमतेम चार ते सहा मिनिटे उडते. उरलेला वेळ मंडळी मांडवाखाली टेबलांभोवती स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन बसलेली असतात, आणि माझ्या मते मेळाव्याचे खरे काम तेथेच चालते.

याचे कारण यंत्राच्या स्वभावात आहे. विमानाचे चांगले मॉडेल क्षणभर मोकळे सोडले तरी पंखांच्या आधाराने सरळ जात राहते. हेलिकॉप्टरला मात्र ही सवलत नाही. मुख्य रोटर, म्हणजे डोक्यावरची फिरती पाती, एका दिशेने फिरू लागला की धड विरुद्ध दिशेने फिरू पाहते आणि त्याला शेपटीवरचा छोटा रोटर सतत आवरून धरतो. वर-खाली जाण्यासाठी रोटरचा वेग बदलत नाहीत, तर वेग जवळजवळ कायम ठेवून सर्व पात्यांचा कोन एकदम कमी-अधिक करतात. हा कोन शून्याच्या खालीही नेता येतो, आणि म्हणूनच हेलिकॉप्टर उलटे होऊनही तरंगू शकते. पुढे-मागे किंवा बाजूला जायचे असेल, तर प्रत्येक पात्याचा कोन एका फेरीतच वाढून पुन्हा कमी व्हावा लागतो. त्यासाठी रोटरच्या दांड्यावर स्वॅशप्लेट नावाची तबकडी असते आणि बहुधा तीन सर्व्हो, म्हणजे रेडिओच्या आज्ञेने हलणाऱ्या छोट्या मोटरी, तिला हव्या त्या बाजूला कलवतात.

या साखळीतला एक सांधा सैल असला, तरी सारे बिघडते. मांडवाखाली एखादा जाणता माणूस दुसऱ्याचे हेलिकॉप्टर तपासताना पाहण्यासारखे असते. तो पाते अलगद वर-खाली करून त्याच्या मुळाशी किती ढिलाई आहे ते बघतो, स्वॅशप्लेटकडे जाणाऱ्या दांडीच्या टोकाची प्लॅस्टिकची खोबण चिमटीत धरून हलवतो, मग शेपटीचा दांडा बोटाने फिरवून कान जवळ नेतो. बेअरिंगमधून बारीकशी खरखर आली, की तो मान हलवतो आणि मालकाच्या चेहऱ्यावरचा उत्साह मावळतो. त्या खरखरीतून निघणारे कंपन जायरोला, म्हणजे वळण टिपून शेपटी आपोआप सावरणाऱ्या उपकरणाला, चकवते आणि मग शेपटी हवेत थरथरू लागते. घरी एकट्याने बसून हे कळायला महिने लागतात, कारण स्वतःच जोडलेल्या यंत्रातले दोष आपल्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत.

हा छंद पहिल्यापासूनच असा एकमेकांच्या आधाराने वाढला आहे. १९७० च्या सुमारास जर्मनीतील डीटर श्ल्यूटर यांनी रेडिओवर खऱ्या अर्थाने ताब्यात राहणारे मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवले, आणि पुढे त्यांचे जुळणी-संच बाजारात आले. त्या काळी शेपटी सांभाळायला इलेक्ट्रॉनिक मदत नव्हती, सारे काही चालकाच्या अंगठ्यांवर अवलंबून असे. नंतर शेपटीसाठी जायरो आले, आणि पुढे तिन्ही अक्षांवर लक्ष ठेवणाऱ्या जायरोंमुळे रोटरवरची स्थैर्य देणारी आडवी दांडीही गेली.

रेडिओमध्येही असाच बदल झाला. पूर्वी ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक चॅनेल असत, आणि दोघांनी एकाच चॅनेलवर ट्रान्समीटर चालू केला, तर हवेतले यंत्र थेट जमिनीवर येई. म्हणून मैदानावर एक फळा असे. आपल्या चॅनेलची खूणचिठ्ठी हाती आल्याशिवाय ट्रान्समीटरला हात लावायचा नाही, असा दंडक होता. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओंनी ही अडचण संपवली, कारण त्यात प्रत्येक रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरचे ऐकतो. सोय मोठी झाली यात शंका नाही, पण त्या फळ्यापाशी खोळंबलेल्या अनोळखी लोकांच्या ज्या ओळखी होत, त्या आता मुद्दाम कराव्या लागतात.

काही मेळावे फार मोठे असतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातील मन्सी येथे हेलिकॉप्टर चालकांचा असा मोठा उन्हाळी मेळावा भरत आला आहे. स्पर्धांची गोष्ट वेगळी; तेथे परीक्षक असतात, ठरलेल्या कसरती असतात, गुण असतात. मेळाव्यात गुण कोणी देत नाही, म्हणून तेथे अवघड गोष्टीचा सराव निःसंकोच करता येतो. ऑटोरोटेशन, म्हणजे मोटरशिवाय उतरणे, हे त्याचे चांगले उदाहरण आहे. उंचावर मोटर बंद करतात, पात्यांचा कोन किंचित उणे ठेवतात, आणि खालून येणाऱ्या हवेवर रोटर फिरत राहतो. जमीन जवळ आली, की नाक उचलून वेग कमी करायचा आणि रोटरमध्ये साठवलेली सारी गती एकाच वेळी कोन वाढवून खर्च करायची. लवकर खर्च केली तर हेलिकॉप्टर उंचावरूनच आपटते. उशीर केला तर तेवढाही अवधी मिळत नाही.

एका बाबतीत मात्र कोणीही सूट देत नाही. सुमारे दीड मीटर व्यासाचा रोटर मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास जातो. अशा पात्यांनी माणसे दगावलेली आहेत. म्हणून चालक ठरलेल्या रेषेवर उभे राहतात, रेषेच्या मागे उड्डाण होत नाही, आणि बॅटरी जोडण्यापूर्वी मोटर सुरू होणार नाही अशी ट्रान्समीटरवरची कळ प्रत्येक जण आधी तपासतो. लिथियमच्या बॅटऱ्या चार्ज करण्याची जागाही वेगळी, उघड्यावर आणि नजरेसमोर असते.

श्रोतेहो, असा मेळावा पाहायला जाणार असाल, तर प्रेक्षकांच्या दोरीमागेच थांबा आणि यंत्र हवेत असताना चालकाशी बोलू नका. हेलिकॉप्टरचे नाक त्याच्याकडे वळले, की त्याचे डावे-उजवे उलटे होते, आणि त्या वेळी एखादा साधा प्रश्नही महागात पडतो. बॅटरी काढून तो टेबलाशी आला, की हवे ते विचारा. उत्तर विचारलेल्यापेक्षा लांबच मिळेल. स्वतः उडवण्याची इच्छा झाली, तर आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर, खरा ट्रान्समीटर हातात धरून, चारही दिशांना तोंड करून एका जागी तरंगायला शिका, आणि यंत्र कोणते घ्यावे हे त्या मांडवाखालच्या माणसांना विचारूनच ठरवा. फार छोटे घेऊ नका, असे त्यांतले बहुतेक जण सांगतील, कारण मोठे हेलिकॉप्टर वाऱ्यात अधिक स्थिर राहते आणि दूर गेले तरी त्याचे तोंड कुठे आहे ते दिसते.