हरतालिकेचा उपवास आणि मेंदीचा रंग

भाद्रपद शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी, म्हणजे हरतालिकेच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्रातील अनेक घरांत मेंदीचे कोन बाहेर निघतात. अंगात उष्णता असली की मेंदी अधिक रंगते, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मग दिवसभर अन्न आणि पुष्कळदा पाणीही वर्ज्य केलेल्या शरीरात जे रासायनिक बदल होतात, त्यांचा परिणाम या रंगावर होत असेल का?

मेंदीच्या पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य तयार होते आणि लिंबाच्या रसासारख्या आंबट पाण्यात भिजवलेल्या लगद्यातून ते त्वचेत उतरून तिथल्या केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते. हे सारे घडते ते त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात. या थरातील पेशी मृत असतात, तिथवर एकही रक्तवाहिनी पोहोचत नाही, आणि आज रंगणाऱ्या पेशी काही आठवड्यांपूर्वीच खाली जन्मलेल्या असतात. तळहातावर हा थर कित्येक पटींनी जाड असल्यामुळेच तिथली मेंदी मनगटावरच्या मेंदीपेक्षा गडद दिसते.

बारा-चौदा तासांच्या उपाशी अवस्थेनंतर यकृतातील साखरेचा साठा उतरू लागतो, शरीर चरबीकडे वळते आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबीपासून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, वाढतात. तरीही रक्ताचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (pH), ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यातच राखला जातो, त्यामुळे एका दिवसाच्या उपवासाने मेंदीला हवी तशी आम्लता हातावर येईल, ही अपेक्षा धरता येत नाही. उष्णतेचे म्हणणे मात्र अगदीच निराधार नाही, कारण उबदार त्वचेत रंगद्रव्य लवकर मुरते. अडचण अशी की उपाशी माणसाचे हात बहुधा गार पडतात. म्हणजे उपवासाचा परिणाम झालाच, तर तो समजुतीच्या उलट दिशेने व्हायचा. शिवाय मेंदी काढली जाते तेव्हा उपवास सुरूही झालेला नसतो!

उपवासाला श्रेय मिळते ते बहुधा वेळेच्या जुळणीमुळे. लगदा उतरवल्यावर हात केशरी दिसतो आणि पुढच्या चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत हवेतील प्राणवायूशी होणाऱ्या क्रियेने तोच रंग तांबूस तपकिरी होतो. वाळूची पिंड मांडून पूजा करण्यात आणि रात्रीच्या जागरणात जाणारा हरतालिकेचा दिवस नेमका याच अवधीत येतो. पहिल्या दिवशी हात पाण्यात कमी गेले तर रंग टिकतो हेही खरे. पण उपवास करणाऱ्या बाईला घरच्यांसाठी रांधणे आणि भांडी घासणे चुकतेच असे नाही, आणि रंग फिका राहिल्याचे खापर मात्र तिच्या प्रकृतीवर फोडले जाते.

शरीराच्या रसायनाशी मेंदीचा खरा संबंध आहे तो वेगळ्याच ठिकाणी. जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या अंगावर मेंदी लावल्यास, पातळ त्वचेतून शोषले गेलेले लॉसोन तांबड्या पेशी फोडू शकते आणि त्यातून तीव्र कावीळ व रक्तक्षय उद्भवू शकतो. म्हणून सणाच्या हौसेपोटीसुद्धा तान्ह्या मुलीच्या हातापायांवर मेंदी लावणे टाळावे.