नदीत गळ, कचऱ्यात दाताळं

हे लाल ड्रेस बघताय ना, नुसते हँगरला अडकवून झाडाला टांगलेत. कल्पना जेमी ब्लॅक या मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या कॅनडातल्या समाजाच्या) आर्टिस्टची, आणि आता दर ५ मेला कॅनडाभर असे ड्रेस लागतात, हरवलेल्या आणि मारल्या गेलेल्या आदिवासी बायकामुलींसाठी. पोलिसांचाच २०१४चा आकडा ११८१, तोही बहुतेक १९८० ते २०१२चा.

ही विनिपेगची, म्हणजे कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीची, रेड रिव्हर. ऑगस्ट २०१४ मध्ये इथून पंधरा वर्षांच्या एका पोरीचा मृतदेह निघाला, तोही पोलिसांचे पाणबुडे भलत्याच माणसाला शोधत होते म्हणून. मग लोकांनी पोलिसांची वाट बघणं सोडलं आणि 'ड्रॅग द रेड' सुरू केलं. बोटीमागे लोखंडी दांडा, दांड्याला साखळ्या, साखळ्यांना गळ, तळावरून हळूहळू ओढत न्यायचं, काही अडकलं की वर घेऊन बघायचं. सगळे व्हॉलंटियर, आणि त्यातले काही स्वतःच्याच घरचं माणूस शोधत होते.

आता हे शहराच्या उत्तरेचं प्रेअरी ग्रीन डम्पिंग ग्राउंड. २०२२ मध्ये खून झालेल्या दोघीजणी, लाँग प्लेन फर्स्ट नेशन या आदिवासी समुदायाच्या, इथल्या कचऱ्यात आहेत असं पोलिसच म्हणत होते, पण शोधणार नाही म्हणाले, फार दिवस झालेत, कचरा दबलाय, अॅस्बेस्टॉस आहे. घरच्यांनी ब्रॅडी रोडच्या दुसऱ्या डम्पिंगवर तंबू ठोकले, रस्ता अडवला. २०२३च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाने चक्क या खोदकामाविरुद्ध होर्डिंग लावली, बोला आता! ते हरले, वॉब किन्यू प्रीमियर (प्रांताचे मुख्यमंत्री) झाले, मॅनिटोबाचे पहिले फर्स्ट नेशन्स प्रीमियर, आणि डिसेंबर २०२४ मध्ये शोध सुरू झाला.

तो कसा, हे नीट बघा. खोदलेला कचरा ट्रकमधून या शेडमध्ये यायचा, जमिनीवर पसरायचे, आणि सूट-मास्क घातलेली ही माणसं दाताळ्यांनी तो ओढून ओढून डोळ्यांनी तपासायची, एक ढीग झाला की पुढचा. जे होणारच नाही म्हणत होते ते काम हे.

मार्च २०२५ मध्ये दोघींचे अवशेष मिळाल्याचं नक्की झालं. खुन्याला २०२४ मध्येच या दोघींसह चार बायकांच्या खुनांसाठी जन्मठेप झाली होती. हरवलेल्या-मारल्या गेलेल्या आदिवासी बायकामुलींबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीच्या २०१९च्या अहवालात २३१ मागण्या आहेत, बऱ्याच अजून कागदावरच. त्या चौघींपैकी आणखी एकीचा मृतदेह ब्रॅडी रोडला असावा असं पोलिसांनी म्हटलं, आणि तिथंही शोधू असं किन्यू यांनी २०२५ मध्ये सांगितलं.