रांग नंतर लागते

नमस्कार मंडळी. बँकेबाहेर गर्दी दिसली की लोक लगेच म्हणतात अफवेनं बँक बुडवली, आणि आपल्याकडे पीएमसी म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत जे झालं त्याबाबतीत तरी मला हे अजिबात पटत नाही.

अफवेचं गणित खोटं नाही हां. डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये ते नीट मांडलं, 2022 मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. आपण आपले पैसे कधीही काढू शकतो, पण बँकेने तेच पैसे कुणाच्या तरी वीस वर्षांच्या होम लोनमध्ये घातलेले असतात, मग सगळे एकदम दारात आले तर चांगली बँकसुद्धा आडवी होते. ठेवींवरचा विमा ही भीती कमी करायलाच असतो.

पण पीएमसी बँक आठवा. 23 सप्टेंबर 2019 ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1000 रुपये काढायची परवानगी, आणि रांगा लागल्या त्या त्यानंतर. पोखरलेली होती ती कितीतरी आधीपासून! 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर ग्रुपकडे, एचडीआयएलकडे, आणि ते झाकायला 21,000 हून जास्त खोटी खाती दाखवलेली, असं तपासात पुढे आलं. कागदावर बुडीत कर्ज 4 टक्क्यांच्याही आत. आता सांगा, पासबुक भरायला आलेल्या पेन्शनर आजोबांना हे कुठून कळणार? संचालक आणि ऑडिटर कशासाठी असतात मग?

2022 मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तरी मोठ्या ठेवीदारांच्या पैशाला दहा वर्षांपर्यंतची मुदत लागली.

म्हणून ठाणे, वाशी, नेरुळच्या सोसायट्यांच्या कमिट्यांना कळकळीने सांगतो. विमा एका ठेवीदाराला एका बँकेत 5 लाखांपर्यंतच, तोही मुद्दल-व्याज धरून आणि सगळ्या शाखा मिळून. सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार, फ्लॅट ऐंशी असले तरी. समजा सिंकिंग फंडाचे, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेले, 40 लाख अर्धा टक्का जास्त व्याज मिळतंय म्हणून एकाच बँकेत एफडी केले, तर वर्षाला वीसेक हजार जास्त येतील आणि निदान 35 लाखांना विम्याचं काहीच संरक्षण नाही. 30 सप्टेंबरच्या आत एजीएम म्हणजे वार्षिक सभा होईल ना, तेव्हा खजिनदारांना प्रत्येक एफडीची बँक आणि रक्कम सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगा, आणि हा विषय अजेंड्यावर घ्या असं सेक्रेटरींना आत्ताच लेखी देऊन ठेवा.