उसुई घाट उतरवणारं इंजिन

नमस्कार श्रोतेहो.

रेल्वेच्या इंजिनाची गोष्ट निघाली की आपण पहिल्यांदा त्याची ताकद विचारतो. डबे किती ओढतं, पळतं किती? आज मी ज्या जपानी इंजिनाबद्दल बोलणार आहे, त्याचं मोठेपण उतारावर कळतं. नाव ईएफ ६३. १९६२ ते १९७६ या काळात अशी फक्त २५ इंजिनं बांधली गेली, आणि ती सगळी एकाच घाटासाठी.

हा उसुई घाट टोकियोच्या वायव्येला आहे. पायथ्याला योकोकावा, माथ्यावर कारुईझावा. मधलं अंतर ११.२ किलोमीटर, पण तेवढ्यात साडेपाचशे मीटरची चढण. आपल्या खंडाळ्याच्या घाटात ३७ फुटांमागे एक फूट चढ आहे आणि तेवढ्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात. उसुईत सर्वांत तीव्र चढ १५ फुटांमागे एक फूट! नुसती चाकं रुळाला धरून राहतील याची १८९३ साली कुणाला खात्री नव्हती. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या बसवल्या आणि इंजिनाखालचं दातेरी चाक त्यांत अडकवून गाडी वर चढवली. ही आब्ट पद्धत.

त्या वाटेवर २६ बोगदे होते आणि इंजिनं वाफेची. चढायला तासाहून जास्त वेळ लागे, आणि गाडीच्या मागोमाग धूरही बोगद्यात ओढला जाई. तो अडवायला प्रत्येक बोगद्याशी माणूस नेमलेला असे. गाडी आत शिरली रे शिरली की तो बोगद्याच्या खालच्या तोंडावर पडदा ओढून घ्यायचा. तरीही माणसं गुदमरत. म्हणूनच जपानच्या सरकारी रेल्वेने मुख्य मार्गांपैकी सगळ्यात आधी, १९१२ मध्ये, या घाटात वीज आणली आणि जर्मनीहून १२ विजेची इंजिनं मागवली.

पुढे पन्नास वर्षं दातेरी पट्टी राहिली. १९६३ मध्ये शेजारून नवा मार्ग काढला, चढ तेवढाच ठेवला आणि पट्टी मात्र काढून टाकली. आता सगळी भिस्त चाकांच्या पकडीवर, म्हणजेच ईएफ ६३ वर होती.

हे इंजिन नेहमी जोडीने चालायचं आणि नेहमी गाडीच्या योकोकावाकडच्या, म्हणजे खालच्या टोकाला लागायचं. चढताना ते मागून ढकले, उतरताना पुढे राहून अख्खी गाडी पेलून धरे. एकेकाचं वजन १०८ टन, सहा मोटारी, पण ते वजन तिन्ही बोगींवर, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या तीन सांगाड्यांवर, सारखं वाटलेलं नव्हतं. चढावर भार मागच्या चाकांकडे सरकतो, म्हणून कारुईझावाकडची बोगी मुद्दाम जड ठेवली होती. सपाटीवर असमान असलेलं हे वजन घाटात समान होई. हा हिशेब मला फार आवडतो.

ब्रेक तर किती प्रकारचे! हवेचे होतेच. उतारावर मोटारी जनित्रासारख्या फिरवून, तयार झालेली वीज रोधकांत, म्हणजे विजेची उष्णता करणाऱ्या भागांत, जाळून वेग आवरला जाई. त्याशिवाय थेट रुळाला चिकटणारा विद्युतचुंबकीय ब्रेक. मधल्या बोगीत एक छोटं चाक होतं. त्याला मोटार नाही, ब्रेकही नाही, काम फक्त वेग मोजण्याचं. मोठी चाकं घसरली तरी हे चाक खरा वेग सांगे, आणि तो मर्यादेबाहेर गेला की आपोआप ब्रेक लागत. घाट चढायला १७ मिनिटं लागत, उतरायला मात्र २४. या इंजिनाचं खरं काम कोणतं, ते या दोन आकड्यांतच आहे.

एवढं करूनही २८ ऑक्टोबर १९७५ ला गाडीविना उतरणारी चार इंजिनं एकत्र आवरेनाशी झाली आणि रुळांवरून उलटली. कर्मचारी जखमी झाले, जीव वाचले. त्यांतली दोन ईएफ ६३ मोडीत निघाली आणि त्यांच्या जागी १९७६ मध्ये शेवटची दोन बांधली गेली.

योकोकावाला प्रत्येक गाडी थांबायचीच. इंजिनं जोडायची, केबली लावायच्या, आणि डबे चढावर उसळू नयेत म्हणून त्यांच्या हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगांतली हवा सोडायची. तेवढ्या वेळात प्रवासी फलाटावर उतरून मातीच्या छोट्या भांड्यातला गरम भात घेत. ओगिनोया नावाचं दुकान १९५८ पासून तो विकतंय, आजही.

३० सप्टेंबर १९९७ ला हा घाटमार्ग बंद झाला. दुसऱ्याच दिवशी नागानोची शिन्कान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, लांबच लांब बोगद्यांतून धावू लागली. तिला मदतीच्या इंजिनाची गरज नाही. घाटातून आता बस जाते. जुन्या मार्गाच्या एका भागावर पायवाट केली आहे. विटांचा चार कमानींचा पूल तिच्यावरच लागतो. योकोकावाच्या रेल्वे संग्रहालयात काही ईएफ ६३ चालू स्थितीत ठेवली आहेत. तिथे वर्गात बसून प्रशिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची, आणि पास झालात की ड्रायव्हरच्या जागेवर बसून १०८ टनांचं ते इंजिन तुम्ही स्वतः चालवू शकता. जपानला जाणार असाल तर नावनोंदणी आधीच करून ठेवा.

नमस्कार.