गूळतुला

(सकाळ. शेणाने सारवलेलं अंगण. लोखंडी साखळ्यांचा तराजू, शेजारी गोणपाटात गुंडाळलेले गुळाचे रवे.)

चारचौघांत वजन करून घ्यायची पाळी आबांवर दोनदाच आली. पहिली १९६३ साली, बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या भरतीत. वजन दीड किलो कमी भरत होतं. बरोबरच्या पोरांनी डझनभर केळी चारली, वर तांब्याभर पाणी पाजलं, तेव्हा कुठं काटा हलला.

दुसरी आज. आबांना ८१ वं लागलंय, सहस्रचंद्रदर्शन आहे. नातवंडांनी हट्टानं गूळतुला ठरवली. कोल्हापूर जिल्ह्यात दुसरं काय तोलणार म्हणा! रवा तीस किलोचा. दोन रवे पारड्यात चढले आणि आबा वर उचलले गेले. अठ्ठावन्न किलो. "केळी खाऊ का?" आबांनी विचारलं. अर्थ फक्त आज्जींना कळला, त्या पदराआड हसल्या.

(कृष्णेचा काठ. ऊस. भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ.)

हा शिरोळ तालुका. याच तालुक्यात सैनिक टाकळी आहे, गावाच्या नावातच सैनिक असलेली. आबांचं गाव तिथून लांब नाही. गावाचं आणि स्वतःचं नाव घालू नका, असं त्यांनी बजावलंय. "पलटणीचं नाव घाला की. माझं कशाला?"

तर पलटण. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली.

२०१९ च्या पुरात घरात छातीभर पाणी आलं. आबांनी माळ्यावर आधी चढवली ती काळी पत्र्याची ट्रंक. धान्य नंतर. आज्जी ते अजून ऐकवतात. ट्रंकेत डिस्चार्ज बुक, पदकं, आणि लाल-हिरवा तुरा. तुऱ्याला कसर लागलीय.

३ डिसेंबर १९७१ ला संध्याकाळी युद्ध पेटलं. मार्गशीर्षी पौर्णिमा आदल्याच दिवशी झालेली, नृसिंहवाडीत दत्तजयंतीची गर्दी अजून ओसरायची होती. आबा तेव्हा पूर्व आघाडीवर, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरकडे निघालेल्या तुकड्यांत. वय २६, हुद्दा नाईक.

वाटेत ब्रह्मपुत्रा. पूल नाही, गाड्या पलीकडे नेता येईनात. माणसं होड्यांतून उतरली, आणि जड सामानासाठी तिथल्या शेतकऱ्यांच्या बैलगाड्या आल्या. आबा हे सांगताना ताठ बसतात. "मला म्हणाले, नाईक, तुला गाडी हाकता येती का? म्हटलं, सायेब, तेवढंच तर येतंय. बैल बंगाली, पर बैलाला भाषा लागत न्हाई. हाक लागती."

पलटण शत्रूच्या मागं जाऊन टांगाईलच्या रस्त्यावर बसली. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी बलुच पलटणीला शरण येण्याचं पत्र धाडलं. ते घेऊन गेले मुक्तिवाहिनीचे, म्हणजे बंगाली स्वातंत्र्यसैनिकांच्या फौजेचे, जहुरुल हक मुन्शी, सायकलीवरून, पांढरं निशाण लावून. त्यांना मार खावा लागला. उत्तराच्या पाकिटात होती बंदुकीची एक गोळी, आणि पुढच्या भेटीला हातात पेन नको, स्टेनगन असू द्या, असा निरोप.

१० डिसेंबरच्या रात्री ती बलुच पलटण वेढा फोडायला त्याच रस्त्यानं आली. जिथं आबा खंदकात होते.

या रात्रीबद्दल आबा फार बोलत नाहीत. आम्ही तीनदा कॅमेरा लावला. दोनदा त्यांनी उसाच्या दराचा विषय काढला.

(आज्जी. चुलीपुढे.)

"पोस्टमन दिसला की मी आत पळायची," आज्जी सांगतात. "तार असली तर दुसऱ्या कुणी घ्यावी म्हणून. मनीऑर्डर असली तर हाक मारायचा तो. सोळा तारखेला रेडिओवर ऐकलं, ढाका पडलं. पर माणसाचं नाव रेडिओ सांगत न्हाई." पत्र आलं जानेवारीत. त्यात बैलांची चौकशी होती.

(अंगण. ८१ निरांजनं.)

गूळ वाटून झाला. पहिला खडा शाळेच्या पोरांना. हलगी कडाडली, कोल्हापुरी फेटा आबांच्या कानावर घसरला. मटणाचा बेत अर्थातच उद्यावर ढकललाय, आणि काही पाहुण्यांनी मुक्काम का वाढवला ते यावरून ओळखा.

तिसऱ्यांदा कॅमेरा लावला तेव्हा धाकट्या नातवानं सहज विचारलं, "आबा, त्या रात्री चांद होता का?"

आबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हुता. पर अर्धा, आनि उशिरा उगवला. अंधारात निस्ता आवाज हुता. आपलं पोरगं वरडतंय का त्यांचं, कळायचं न्हाई. मग उजेड पडला." थांबले. "पोरंच हुती रं. आपलीबी, त्यांचीबी. एकाच्या खिशात गूळ-शेंगदाणं हुतं."

कुणाच्या, ते नातवानं विचारलं नाही. आम्हीही नाही.

रात्री गुरुजींनी सगळ्यांना चंद्रदर्शनाला अंगणात बोलावलं. मंडळी माना वर करून उभी राहिली. आबा दिसेनात. शोधलं तर गोठ्यात, फेटा तसाच डोक्यावर. वैरण टाकायची राहिली होती.